नगर उभारले कशावर, बुडाले कशाने?



वारणानगर कसे वसले, हे इथला शाळकरी मुलगाही सांगेल. गेल्या शतकात सहकारी साखर कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. तिला राजा लागला नाही. जुन्या नगरांची गोष्ट निराळी. महालक्ष्मीने कोल्हासुराला मारले, मरताना त्याने आपले नाव या जागेला मागून घेतले, म्हणून कोल्हापूर, असे सांगतात. हे ऐकून आपले काही तरुण म्हणतात, "कोल्हासुर आपला मूळचा राजा!" महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाच्या कथेचा अर्थ उलगडला, तेव्हापासून पुराणे तपासण्याची दृष्टी आपल्याला लाभली. ती हवीच. परंतु मूळ राजा सापडला म्हणजे माणसाला प्रतिष्ठा मिळाली काय?

याचे उत्तर कपिलवस्तूच्या कथेत आहे. दीघनिकायातील अंबट्ठसुत्तात तथागत शाक्यांचे मूळ सांगतात. ओक्काक राजाने आवडत्या राणीच्या मुलाला राज्य मिळावे म्हणून थोरल्या मुलांना देशाबाहेर घालविले. ते हिमालयाच्या कुशीत जाऊन राहिले. वंश बाटू नये म्हणून त्यांनी आपल्या बहिणींशीच लग्ने लावली! तेच शाक्य. कपिल ऋषींच्या आश्रमाच्या जागी वसले म्हणून त्यांचे नगर कपिलवस्तू, असे अट्ठकथा सांगतात.

अट्ठकथांतच या कथेचा शेवटही आहे. कोसलचा राजा प्रसेनजित याने शाक्यांची कन्या मागितली. आपल्या रक्ताची मुलगी बाहेर कशी द्यायची? त्यांनी दासीच्या पोटची वासभखत्तिया राजकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी आला. तो निघून जाताच त्याचे आसन दूधपाण्याने धुतले गेले. हे त्याला कळले आणि पुढे त्याने शाक्यांचा संहार केला.

बसलेली जागा धुणे म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. ज्या अभिमानावर ते नगर उभे राहिले, त्याच अभिमानाने ते बुडाले.

जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण ते ओझे उतरविले. मग सोयरीक जुळविताना आजही पोटजात का विचारली जाते? "आमची पोटजात वरची" म्हणणारा आणि "आम्ही राजवंशाचे" म्हणून फुगणारा, दोघेही ओक्काकाच्या मुलांच्याच वाटेने चालले आहेत.

त्याच सुत्तात अंबट्ठ शाक्यांना हिणवतो, तेव्हा तथागत त्याचे कूळ कण्ह या दासीपुत्रापासून निघाले असे दाखवितात. सोबतचे तरुण अंबट्ठाची निंदा करू लागतात, तोच तथागत त्यांना थोपवितात : कण्ह पुढे थोर ऋषी झाला, याला हिणवू नका. गोत्रापेक्षा विद्या आणि आचरण श्रेष्ठ, हा त्या सुत्ताचा निष्कर्ष आहे.

कोल्हापुरातही एकोणिसाव्या शतकात एका जुन्या स्तूपात धातुकरंडक सापडला. त्यावरील ब्राह्मी लेखात राजाचे नाव नाही, वंशावळ नाही. दान कुणाचे आणि ते करविले कुणी, एवढेच आहे. ती दोन नावे दोन हजार वर्षे टिकली.

तेव्हा पुढच्या सोयरिकीच्या बैठकीत कुणी पोटजात विचारली, तर त्याला कपिलवस्तूची ही कथा सांगा. आणि मुलाची वागणूक विचारा, मुलीचे शिक्षण विचारा.

जयभीम!