घरांतील समुद्र

शतपथ ब्राह्मणांतील मनु आणि मत्स्य यांची कथा आपल्यापैकीं बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. तथापि तिच्यांतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाहीं. सकाळीं हात धुण्याच्या पाण्याबरोबर मनूच्या हातांत एक लहान मासा येतो आणि ‘माझें पालन कर’ असें विनवितो. प्रथम घटांत ठेवावें, तेथें मावेनासें झालें म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेवावें, आणि तोहि अपुरा पडूं लागला म्हणजे समुद्रांत नेऊन सोडावें, असा पालनाचा क्रम तो मासा स्वतःच घालून देतो. पुढें प्रलय येतो, नौका येते, आणि श्रोत्याचें लक्ष तिकडे वेधलें जातें. परंतु पालनाविषयीं या कथेंत तीन गोष्टी स्पष्ट आहेत. आश्रय माशानें मागितलेला आहे; पात्राचा आकार माशाच्या वाढीवरून ठरतो, मनूच्या सोयीवरून नाहीं; आणि पालनाचा शेवट समुद्रांत होतो.

ही कथा आम्हांस अलीकडे वारंवार आठवली, तिला कारण एक पत्र झालें. आमचा एक जुना विद्यार्थी कोंकणांत समुद्रकांठच्या गांवीं वाढला. गेलीं वीस-बावीस वर्षें तो अमेरिकेंत ओहायो राज्यांत अभियंता आहे. तेथून समुद्र शेंकडों मैल दूर. त्यानें आपल्या घराच्या तळघरांत खाऱ्या पाण्याचें एक मोठें मत्स्यालय स्वतःच्या हातांनीं बांधलें. त्याच्या पत्रांतील शेवटचा प्रश्न असा होता, ‘सर, पुन्हां बांधूं कीं नको?’ ‘पुन्हां’ कां, तें पुढें येईलच. कसें बांधावें हें तो आमच्यापेक्षां शतपट जाणतो. बांधावें काय, हें त्यानें विचारलें होतें.

तिकडे हौशी लोक अशीं मत्स्यालयें प्लायवूडचीं बांधतात. एवढी मोठी टांकी सर्व बाजूंनीं कांचेची करणें फार खर्चाचें असतें. म्हणून तळ आणि तीन भिंती जाड प्लायवूडच्या, बाहेरून लांकडी चौकटीचा आधार, आंतून एपॉक्सीचे थरावर थर, आणि दर्शनी बाजूस तेवढी कांच. ही कांच आंतल्या बाजूनें सिलिकोनच्या लुकणानें बसवितात, म्हणजे पाण्याचा दाबच तिला चौकटीवर घट्ट धरून ठेवतो. जागा तळघराचीच निवडावी लागते, कारण वरच्या मजल्यांच्या तुळयांना हा भार पेलत नाहीं. जमिनीवर टेकलेली काँक्रीटची लादी तो पेलते. आमच्या विद्यार्थ्याची टांकी 8 फूट लांब, 4 फूट रुंद आणि अडीच फूट खोल होती. तींत सुमारें 2,250 लिटर पाणी मावे. त्याचें वजन 2,300 किलोच्या आसपास, आणि तें समुद्रासारखें खारें करण्यास 80 किलो मीठ लागलें. हें मीठ आपल्या मिठागरांतील नव्हे. समुद्रांत जे क्षार ज्या प्रमाणांत असतात त्याच प्रमाणांत मिसळलेलें तें मिश्रण असतें. या कामीं दोन वर्षांचे रविवार गेले.

दर्शनी कांचेवर पाण्याचा एकूण भार 700 किलोहून अधिक पडतो. जलशास्त्राचा नियम असा आहे कीं हा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, विस्तारावर नाहीं. त्या कांचेमागें 4 फूट पाणी असो कीं त्याच पातळीचा अखंड महासागर असो, कांचेला सारखाच दाब सोसावा लागतो. अभियंत्याच्या दृष्टीनें, म्हणजे, घरांतील समुद्र आणि खरा समुद्र यांत भेद नाहीं. माशाच्या दृष्टीनें मात्र सगळा भेद त्या विस्तारांतच आहे. समुद्रांत माशाच्या शरीरांतून निघणारी घाण अफाट पाण्यांत विरून जाते; टांकींत ती जागच्या जागीं राहते. तिच्यांतून अमोनिया हें विष तयार होतें. सूक्ष्म जंतूंचा एक वर्ग त्याचें नायट्राइट करतो, दुसरा वर्ग नायट्राइटचें तितकेंसें घातक नसलेलें नायट्रेट करतो. हे जंतू दगडांवर नि वाळूंत रुजण्यास कित्येक आठवडे जातात. तोंवर मासे सोडतां येत नाहींत. पुढें पाणी आटतें पण मीठ आटत नाहीं, म्हणून रोज गोडें पाणी घालावें लागतें. पंप अहोरात्र चालावा लागतो. तो थांबला कीं पाण्यांतील प्राणवायु संपूं लागतो. समुद्र जें कोणाच्या लक्षांत न येतां करतो, तें येथें एका माणसाला जन्मभर लक्षपूर्वक करावें लागतें.

या हौसेचा इतिहासहि विचार करण्याजोगा आहे. 1846 सालीं ॲना थिन या इंग्रज बाईनें टॉर्की येथील समुद्रांतून जिवंत पोवळीं लंडनला आणलीं आणि समुद्राच्या पाण्यांत जगविलीं. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. आजचा विजेचा पंप ज्या कामावर आहे, त्या कामावर त्या काळीं एका बाईचे हात होते. पुढें 1853 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि 1854 सालीं फिलिप हेन्री गॉस यांचा मत्स्यालयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गॉस हे अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ. समुद्रकांठच्या खडकांतील प्रत्येक डबक्यांत त्यांना ईश्वराची करणी दिसे. त्यांचे ग्रंथ वाचून सुशिक्षित कुटुंबें जाळीं आणि बरण्या घेऊन समुद्रकांठीं लोटलीं. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनीं 1907 सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे कीं, शतकानुशतकें शाबूत असलेलीं तीं डबकीं या संग्राहकांनीं उजाड करून टाकलीं, आणि ज्या ग्रंथकारानें त्यांचें वर्णन केलें त्यालाच त्याचें मोठें दुःख झालें. ज्यांनीं तीं डबकीं रिकामीं केलीं ते समुद्राचे शत्रु नव्हते. समुद्र त्यांना आवडला होता.

येथें आमचा प्रश्न उभा राहतो. जें आवडतें तें आपल्या घरांत आणण्याचा अधिकार आवडीमुळें मिळतो काय? आवडीमुळें न मिळाला तर श्रमामुळें तरी मिळतो काय?

श्रमाचा पक्ष आधीं घेऊं. जॉन लॉक यानें 1689 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत स्वामित्वाचा उगम श्रमांत दाखविला आहे. झऱ्याचें पाणी सर्वांचें, परंतु घागरींत भरलेलें पाणी भरणाराचें. त्याचप्रमाणें सर्वांच्या समाईक समुद्रांतून जो मासा पकडील, मासा त्याचा, असें तो म्हणतो. हा सिद्धांत आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला आहे. परंतु तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे? माझ्या घागरींतील पाण्यावर शेजारी हक्क सांगूं शकत नाहीं, एवढेंच त्यानें सिद्ध होतें. माशाचें आणि माझें परस्परांशीं नातें काय, हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं. दोन वर्षांचे रविवार खर्चून बांधलेली पेटी बांधणाराची खरीच; तिच्यांत राहणारा जीव त्या रविवारांनीं त्याचा होत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व माशाबद्दल! आम्ही कोंकणचे लोक बांगडा आणि सुरमई आनंदानें खातों. मग कांचेमागील माशासाठीं गळा काढण्याचा आम्हांस अधिकार काय? आक्षेप सरळ आहे आणि तो टाळूं नये. खाणारा निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खाणाऱ्यानें माशाला कोणतेंहि वचन दिलेलें नसतें. पाळणारा त्याला मारीत नाहीं, जगवितो. आणि जगविण्याचें काम हातीं घेतांच रोजचें अन्न, रोजची हवा, रोजची ऊब त्याच्याकडे येते. त्याच्या हातून झालेली चूक म्हणून निराळ्या जातीची ठरते.

मत्स्यालयाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. आमच्या विद्यार्थ्यानें लिहिलें आहे कीं समुद्रकांठीं जन्मून त्यानें जिवंत मासा पाण्यांत वावरतांना असा कधीं पाहिलाच नव्हता; मासे पाहिले ते होडींत तडफडणारे नाहीं तर कोळणीच्या पाटींतले. 1951 सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. शाळेच्या सहलींत तेथील कांचेमागें त्यानें प्रथम मासा शांतपणें पोहतांना पाहिला. हा लाभ लहान नव्हे. ज्ञानाचा लाभहि खरा आहे. हवाई बेटांजवळचा पिवळा टँग हा मासा हौशी लोकांना फार प्रिय; पूर्वीं तो केवळ समुद्रांतून धरून आणीत. 2015 सालीं हवाई येथील संशोधकांनीं तो बंदिवासांत अंड्यापासून वाढवून दाखविला. परंतु ज्ञान झालें म्हणजे जीव वांचतोच असें नाहीं. इंडोनेशियांतील बांगाई बेटांचा कार्डिनल मासा बंदिवासांत सहज वाढतो, कारण नर अंडीं आपल्या तोंडांत सांभाळतो. असें असूनहि तो समुद्रांतून इतका उपसला गेला कीं 2007 सालीं त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. शिवाय तळघरांत टांकी बांधणारानें ज्ञानासाठीं ती बांधलेली नसते. जो हेतु आरंभीं मनांत नव्हता त्याचें पुण्य मागाहून आपल्या नांवावर मांडून घेणें प्रामाणिकपणाचें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याला हें आमच्याआधीं उमगलें होतें. एका हिवाळ्यांत हिमवादळानें विजेच्या तारा तुटल्या आणि त्याच्या घरची वीज 31 तास गेली. हवेचा लहान पंप बॅटरीवर आठ तास चालला. पुढें तो आणि त्याची शाळकरी मुलगी आळीपाळीनें तांब्यानें पाणी उपसून पुन्हां वरून ओतीत बसलीं. ॲना थिनच्या मोलकरणीचें काम तें. परंतु सव्वादोन हजार लिटर पाण्यापुढें तांब्याचें काय चालणार? पाणीहि गार होत चाललें होतें. मोठे मासे आधीं गेले. नऊ वर्षें पाळलेला पिवळा टँग पहांटे गेला. एकंदर अकरा मासे मेले. त्यानें लिहिलें आहे, ‘मला मासे नको होते, सर. मला समुद्र हवा होता. गांव सुटल्यापासून तो हवासा वाटत होता. माशांना त्याची किंमत द्यावी लागली.’

या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. घर सोडून गेलेल्या माणसाची ओढ खोटी आहे असें कोण म्हणेल? परंतु आपली ओढ भागविण्यासाठीं दुसऱ्या जीवाला त्याच्या घरांतून उचलून आणणें, म्हणजे आपलें दुःख त्याच्या माथीं मारणें होय. गांव सुटल्याचें दुःख ज्याला कळतें त्याला तरी हें कळावयास हवें, आणि त्याला तें कळलें.

तरीहि आम्हीं त्याला ‘बांधूं नको’ असें लिहिलें नाहीं. मनूच्या कथेंतील तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, मनूच्या माशानें आश्रय मागितला होता. तुझ्या माशांनीं मागितला नव्हता. यासाठीं समुद्रांतून धरलेला मासा घेऊं नयेस. बंदिवासांतच जन्मलेला, ज्याला परत जाण्यास घर नाहीं, असा घ्यावा. त्याचें पालन करणें हें निदान कोणाचें घर मोडणें नव्हे. दुसरी, पात्राचा आकार माशानें ठरवावा. आजवर तूं प्लायवूडचा तक्ता 8 फुटांचा मिळतो म्हणून टांकी 8 फुटांची केलीस, आणि तींत मावतील तेवढे मासे आणलेस. आतां उलट कर. आधीं प्राणी ठरव, पूर्ण वाढल्यावर त्याला काय लागेल तें पाहा, वीज गेल्यावर तो कशावर जगेल तें पाहा, आणि मग करवत हातीं घे. टांकी मोठी झाली म्हणून मासे वाढवूं नकोस. वाढलेली जागा माशाची आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. मनूला शेवटीं समुद्र मोकळा होता. आपणांस तो मोकळा नाहीं. पाळलेले मासे परक्या समुद्रांत सोडल्यानें काय होतें याचें उदाहरण समोर आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील सिंहमासा 1985 सालीं फ्लोरिडाजवळ प्रथम आढळला. तो बहुधा कोणा हौशी माणसाच्या टांकींतून सुटला असावा असें शास्त्रज्ञ मानतात, आणि आज तो अटलांटिकच्या उष्ण भागांत तेथील मासे खाऊन फस्त करीत आहे. म्हणजे आपण एकदां माशाला घटांत घेतलें कीं तो घटच त्याचा शेवटपर्यंतचा समुद्र. त्याचें सगळें आयुष्य सांभाळण्याची तयारी नसेल, आपण गांवीं गेलों, आजारी पडलों, तर त्याच्याकडे पाहणारें कोणी नसेल, तर आरंभच करूं नये.

मुद्दा केवळ माशांचा नाहीं. आपण ज्यांना आपल्या आधारावर आणून ठेवतों, त्या सर्वांच्या बाबतींत हाच हिशेब लागू आहे. आणण्याचा क्षण आपल्या आवडीचा असतो. पुढचीं सगळीं वर्षें त्यांच्या गरजेचीं असतात. पहिल्या क्षणीं पुढल्या वर्षांचा हिशेब न करणें, यालाच आम्ही दोष म्हणतों. आवड असणें हा दोष नव्हे.

त्याचें उत्तर नुकतेंच आलें. प्लायवूडचे तक्ते तळघरांत भिंतीशीं उभे आहेत, अजून कापलेले नाहींत. येत्या सुटींत तो मुलीला घेऊन गांवीं येणार आहे; तिनें समुद्र अद्यापि कांचेमागेंच पाहिला आहे. टांकीचें काय तें परत गेल्यावर ठरवूं, असें तो लिहितो. आम्हांस हा क्रम योग्य वाटतो.