ज्या पथ्याला द्वादशी नाही

देहू,
कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेली वर्ज्य पदार्थांची यादीही वाचली. साखर, गूळ, मध, सगळी फळं, दूध, दही, ताक, गहू, मैदा, पाव, इडली, ढोकळा, व्हिनेगर, मशरूम, शेंगदाणे, चहा. तीन महिने होत आले, चाकणच्या कँटीनमध्ये सगळ्या मैत्रिणी ताटं घेऊन बसतात आणि तू डब्यातली उकडलेली दुधी आणि दोन अंडी खाऊन उठतेस, असं तू लिहिलं आहेस. पोटात कँडिडा नावाची बुरशी माजली आहे, गोड आणि आंबवलेलं बंद केलं की ती उपाशी मरेल, असं तुला कुणीतरी सांगितलं. आता चक्कर येते, केस गळतात, पाळीही पुढे गेली. हे सगळं बुरशी मरत असल्याचं लक्षण आहे का, असं तू विचारतेस.

नाही. हे तू कमी खात असल्याचं लक्षण आहे. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत गेली, त्या जोरावर हे नीट सविस्तर सांगते.

कँडिडा खरी आहे, तिचे आजारही खरे आहेत. निरोगी माणसांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडात आणि आतड्यात ती राहतेच, काही त्रास न देता. अँटिबायोटिक्सचा मोठा कोर्स झाला, साखर आटोक्याबाहेर गेली, स्टेरॉइड सुरू असलं किंवा प्रतिकारशक्ती ढासळली, की ती डोकं वर काढते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो. दूध असेल तर ओल्या फडक्याने सहज निघतं. बुरशी असेल तर सहजी निघत नाही, आणि खरवडलं तर खाली लालबुंद दिसतं. बायकांना अंगावरून घट्ट पांढरं जातं, प्रचंड खाज सुटते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्या घेणाऱ्यांनाही तिथे ही खाज होऊ शकते. शंका आली तर काचपट्टीवर नमुना घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कोंब फुटलेल्या गोल पेशी आणि लांबट धागे दिसले की निदान पक्कं. मग औषध मिळतं आणि बहुतेकांचा त्रास काही दिवसांत थांबतो. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात ही बुरशी शिरली तर जिवावर बेतते, पण तो रुग्ण कंपनीची बस पकडून सेकंड शिफ्टला जात नसतो.

या बुरशीशी लढण्यात आपल्या पिंपरीचा मोठा वाटा आहे, हे तुमच्या पिढीला कुणी सांगत नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली. पेनिसिलिनसाठी ती प्रसिद्ध झाली. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं औषध काढलं. औषधाचं नाव हॅमायसिन, आणि त्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या कँडिडावर ते वापरलं गेलं. सांगायचा मुद्दा असा, की या बुरशीला ओळखायची आणि मारायची विद्या आपल्या दाराशी आहे. त्यासाठी कुणाला फळं सोडावी लागत नाहीत.

मग ही यादी आली कुठून? अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमला ओरियन ट्रस नावाचे डॉक्टर होते. थकवा, उदासी, डोकेदुखी, पोट फुगणं या सगळ्यांच्या मुळाशी कँडिडा आहे, असं त्यांनी मांडलं. १९८३ मध्ये विल्यम क्रुक या बालरोगतज्ज्ञाने ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक लिहून तो विचार घरोघर नेला. तुझी यादी त्याच कुळातली. १९८६ साली अमेरिकेतल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने ही कल्पना सिद्ध झालेली नाही, असं जाहीर केलं. मग १९९० मध्ये ट्रस यांच्याच गावातल्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ४२ स्त्रियांवर तपासणी केली. कधी निस्टॅटिन हे बुरशीचं औषध, कधी तशीच दिसणारी निव्वळ गोळी. कुणाला केव्हा काय मिळतं हे ना त्यांना ठाऊक, ना डॉक्टरांना. योनीमार्गाचा त्रास औषधाने कमी झाला. थकवा, उदासी वगैरे मात्र औषधाने जेवढी कमी झाली तेवढीच निव्वळ गोळीनेही झाली. थकव्याचं मूळ कँडिडात असतं तर औषध पुढे निघून गेलं असतं.

गोडाने बुरशी माजते, हेही तपासून झालं आहे. १९९९ साली जर्मनीत २८ निरोगी माणसांच्या आहारात मुद्दाम साखर वाढवली आणि त्यांच्या तोंडातली व शौचातली कँडिडा मोजली. फारसा फरक पडला नाही. आपण खाल्लेली साखर लहान आतड्यातच बहुतेक शोषली जाते आणि रक्तातली पातळी शरीर सांभाळतं. मधुमेह हाताबाहेर गेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून साखरेची तपासणी कर, केळं सोडू नकोस.

आंबवलेल्याचं तर नातंच चुकीचं जोडलं आहे. पावात असतं ते यीस्ट सॅकरोमायसिस, वेगळ्या जातीचं, आणि भट्टीत ते मरतं. इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे. दही आणि अंबीलही त्याच गोतातली. कँडिडाच्या भीतीने ताक बंद करण्याला काहीच आधार नाही.

तू लिहितेस, पहिल्या दोन आठवड्यांत पोट हलकं वाटलं, हे खोटं कसं मानू? खोटं मानू नकोस, ते खरंच आहे. पण त्या दोन आठवड्यांत तू काय काय सोडलंस ते बघ. रात्रपाळीतला वडापाव, क्रीमची बिस्किटं, थंड पेयं, दिवसाला पाच-सहा कप गोड चहा. काहींना दुधातली साखर पचत नाही. काहींना गव्हातल्या आणि कांद्यातल्या काही घटकांनी वायू धरतो. यातलं काहीही सुटलं तरी पोट निवतं. बरं वाटलं हा तुझा अनुभव. बुरशी मेली हा त्यावर दुसऱ्याने चिकटवलेला अर्थ. अनुभव ठेव, अर्थ टाकून दे.

त्या अर्थाचा एक दोष फार घातक आहे. बरं वाटलं तर पथ्य लागू पडलं, आणि वाईट वाटलं तर बुरशी मरताना विष सोडते आहे, म्हणजे तरीही पथ्य लागू पडलं. जे कधीच चुकू शकत नाही त्याच्याकडून आपण काही शिकूही शकत नाही. चक्कर आली की डॉक्टरकडे जायचं, ही साधी अक्कल त्याने तुझ्याकडून काढून घेतली. सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंकून लाळेचे धागे खाली उतरतात का बघायची ती ‘चाचणी’ही तशीच. लाळ चिकट असते, तिच्यात बुडबुडे असतात, ती तरंगते आणि तिचे धागे सुटतात. त्यात बुरशीचं काहीही कळत नाही.

आता तुला मनापासून सांगायची मुख्य गोष्ट. आपलं घर माळकरी. वर्ज्य करणं आपल्याला नवं नाही. कांदेनवमीला कांदा पोटभर खाऊन घ्यायचा आणि आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. काल कार्तिकी झाली, चातुर्मास संपला, आज घरात वांग्याचं भरीत आहे. एकादशीच्या उपासालाही दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं असतंच. उपास धरण्याइतकंच तो वेळेवर सोडण्याला महत्त्व. गर्भारशी, बाळंतीण, आजारी माणूस, लहान मूल यांना सूट. व्रत धरतानाच ते कधी सुटणार हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक असतं, आणि सगळं घर सोबत असतं. तुझ्या पथ्याला द्वादशी कुठे आहे? ते कधी संपणार, काय झालं म्हणजे संपणार, हे तुला कुणी सांगितलं नाही. तू एकटीच धरलं आहेस आणि प्रत्येक महिन्याला यादीत एक पदार्थ वाढतो आहे.

आधुनिक वैद्यकातही पदार्थ वर्ज्य करून बघतात, आणि तिथेही शेवट आधी ठरलेला असतो. चिडखोर आतड्याच्या त्रासासाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी फॉडमॅप आहार तयार केला. त्यात २ ते ६ आठवडे काही पदार्थ बंद, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसतो ते बघायचं, आणि जो खरोखर बाधतो तेवढाच मर्यादित ठेवायचा. त्या आहाराचं सारं मोल परत आणण्याच्या टप्प्यात आहे, कारण उत्तर तिथे सापडतं. तू तिथवर पोचलीच नाहीस.

तुझ्यासाठी मला काळजी वाटते ती तू सोडलेल्या अन्नाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. आपल्यासारख्या दूध-दह्यावर विसंबलेल्या घरात दूधही बंद केलं तर बी-१२ येणार कुठून? तुझी दोन अंडी सगळी तूट भरून काढतील, यावर विसंबू नकोस. त्याच चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आहार अभ्यासला. ज्या पालेभाज्या, फळं आणि दूधदुभतं अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मतः अधिक सुदृढ होती. तुझ्या यादीने फळं आणि दूध दोन्ही काढून टाकली आहेत. शिवाय महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. थकवा, डोकं जड होणं, लक्ष न लागणं, केस गळणं या तुझ्या तक्रारींत आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड बघायचं असतं. ते कुणी बघितलंच नाही.

जांघेतल्या खाजेबद्दल लिहिलंस. कडा उठलेली गोल चकंदळं असतील तर तो बहुधा नायटा. ती वेगळी बुरशी, आणि तिचा खाण्याशी संबंध नाही. दिवसभर घामाचा गणवेश अंगावर ठेवणाऱ्या कामगारांत हे नेहमीचं. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नकोस. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि नायटा पसरत जातो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखव.

आता काय करायचं ते क्रमाने सांगते. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि काय काय बंद केलं आहे ते सगळं सांग. पाळी चुकल्याचं आणि वजन किती उतरलं तेही लपवू नकोस. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घे. गव्हाची खरी बाधा, म्हणजे सीलिअॅक आजार आहे का, हे रक्तात बघता येतं; पण गहू खाणं चालू असेल तरच ती चाचणी खरं सांगते. गहू बंद आहे हे आधी सांगितलंस तर डॉक्टर त्याप्रमाणे ठरवतील. शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा गिळताना दुखणं यातलं काही असेल तर आठवडाही थांबू नकोस.

पदार्थ परत आणायची सुरुवात मात्र उद्यापासूनच. आधी ताक आणि मुगाची खिचडी, मग केळं, पपई, पेरू, मग शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. नंतर इडली, शेवटी दूध. गव्हाचं डॉक्टरांना विचारून. एक पदार्थ आणला की तीन दिवस तो थोडा थोडा वाढवत खा आणि वहीत पोटाचं काय झालं ते लिही. एखाद्याने खरंच बाधा झाली तर तो तूर्त बाजूला ठेव, बाकीचे चालू दे. बिस्किटं आणि थंड पेयं परत आली नाहीत तरी माझी हरकत नाही. घास तोंडाशी नेतानाच भीती वाटत असेल, जेवणावरून रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. त्यावरही उपचार आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांनी तुला ही यादी दिली त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. त्यांना एवढंच विचार, की हे पथ्य कोणत्या दिवशी सुटणार आणि कोणत्या तपासणीवरून ते ठरणार. उत्तर नसेल तर तुझं उत्तर तुला मिळालं.

तपासण्यांचे कागद आले की मला कळव. काही निघालं तर त्यावर औषध आहे, नाही निघालं तर वही आणि एकेक पदार्थ आहेत. दोन्ही वाटांनी तुला पोटभर जेवायचंच आहे.

तुझी
मावशी