मोजून ठेवलेली घरटी

ऐंशीच्या दशकात विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तिथल्या झाडांवरची पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटीही त्यांनी मोजली. आकडा आला 353. तेव्हा गिधाडं इतकी होती की ती मोजावीत असं कोणाला वाटलं नसतं. गावाबाहेर ढोर टाकलं की काही तासांत नुसता सापळा उरायचा आणि त्यात नवल काहीच नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्याच झाडांवर दीडशेच्या आसपास घरटी उरली होती. पुढच्या काही वर्षांत ती बोटांवर मोजण्याइतकी झाली. माना टाकून बसलेले, फांदीवरच मेलेले पक्षी दिसू लागले. ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत’ असं देशभर कितीतरी लोकांना जाणवलं असेल. पण जाणवण्याने काही सिद्ध होत नाही. भरतपूरच्या वहीत आधीचा आकडा होता, म्हणून ही बाब दाखवून देता आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1991 ते 1993 मध्ये रस्तोरस्ती फिरून शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. 2000 साली तेच रस्ते पुन्हा पालथे घातले, तेव्हा देशाचं चित्र समोर आलं. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरलं होतं.

किती मेली हे आकडा सांगतो. का मेली हे विचारायला मेलेला पक्षी फाडून बघावा लागतो. पुण्याच्या कुक्कुटरोगनिदान केंद्रातही असे पक्षी तपासले गेले. आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर होता, युरिक ॲसिडचा. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. संशय अर्थातच साथीवर गेला. एवढ्या वेगाने, एवढ्या मोठ्या प्रदेशात मृत्यू पसरतात, तेव्हा विषाणूच आधी आठवतो. तो तर्क चुकला, पण तो करणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही.

उत्तर सापडलं पाकिस्तानातल्या पंजाबात. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू, कीटकनाशकं, जड धातू असं एकेक तपासून बाजूला ठेवलं. मग त्यांनी एक साधा प्रश्न धरला: हा पक्षी खातो काय? गुरं. आणि गुरांना दिलं काय जातं? औषधाच्या दुकानांत चौकशी करता डायक्लोफेनॅक पुढे आलं, आपण कंबर धरली की घेतो तेच वेदनाशामक. युरिक ॲसिड साचून मेलेल्या ज्या 25 गिधाडांची तपासणी झाली, त्या सगळ्यांच्या मूत्रपिंडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या 13 पक्ष्यांत नव्हतं. 2004 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपी तीन मिलिलिटरवर आणावी लागली.

मला यात सर्वांत हलवून टाकतं ते गणित. शंभरात एकाहूनही कमी शवांत हे औषध असलं, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो असं अभ्यासकांनी दाखवलं. हे कसं, ते गिधाडाच्या वागण्यात आहे. एक उतरलं की आकाशात दूरदूरवर फिरणारी बाकीची ते बघून उतरतात. एकाच मेलेल्या बैलावर पंगत बसते. पिढ्यान्‌पिढ्या याच सवयीवर त्यांचं पोट भरलं. आता त्याच सवयीने एकेका शवावर सगळी पंगत विषाला बळी पडू लागली. पक्ष्यांची संख्या, त्यांचं वागणं आणि त्यांचे आजार हे तीन वेगळे विषय मानले असते, तर हे कोडं सुटलं नसतं.

नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. खडकावरच्या विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांवरून जागा ओळखता येते. ही गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. म्हणजे त्या कड्यावरच्या गिधाडांची स्थिती सुधारते आहे की नाही, हे कळायला त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, निदान पंधरा-वीस वर्षं दुर्बीण लावावी लागेल. आपले संशोधन प्रकल्प मात्र दोन-तीन वर्षांत आटोपतात. मला हे अतिशय खटकतं.

मोजणीचा हा प्रश्न गिधाडांपुरता नाही. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, दापोलीकडे मेलेल्या कावळ्यांतही तोच रोग निघाला. मेलेले कावळे मोजता आले. पण त्याआधी तिथे किती होते, हे सांगणारी वही कोणाकडे असते? कावळा, घार, साळुंकी यांची मोजणी आज 353 घरट्यांइतकीच निरुपयोगी वाटेल. तरी पहिला पैसा तिलाच मिळायला हवा, असं मला वाटतं, आणि आत्ताच, कावळे भरपूर आहेत तोवर.