भिंतीवरची बुरशी आणि गृहस्थाचा प्रमाद

आंबा घाटावरून येणारा पाऊस आषाढ-श्रावणात मलकापूरच्या भिंती कोरड्या राहू देत नाही. तेव्हा कपाटामागे बुरशी धरली तर कुणी कुणाला बोल लावत नाही. पण एसीचं पाणी झिरपून भिंत काळी पडली, तर प्रश्न वेगळा होतो आणि तो एकट्या मिस्त्रीवर सोपवता येत नाही. बुरशी जिवंत असते. ती मारणं हिंसा आहे का? ज्या जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्यात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथं तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थानं सोडायचीच. झाडलोट, स्वयंपाक यांतली आरंभी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं. भिंत पुसणं या दुसऱ्या खात्यात बसतं. एवढ्यावर सुटका झाली असती. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवला आहे, आणि मला तोच मुद्दा निर्णायक वाटतो.

एसीच्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं, ते ट्रेमध्ये उतरून ड्रेन पाइपनं बाहेर जातं. पाइपला उतार नसला किंवा धुळीचा बुळबुळीत गाळ तुंबला, की ट्रे भरून पाणी भिंतीवर ओघळतं. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना एक-दोन दिवसांची ओलही पुरते. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, खाली काळे ठिपके दिसतात. त्यावर ब्लीच मारलं की डाग जातो, पण प्लास्टरमधली ओल आणि तंतू राहतात. पुन्हा बुरशी, पुन्हा ब्लीच. अनंत जीव आपणच पोसायचे आणि आपणच मारायचे, याला आरंभी हिंसा म्हणून माफी मागणं म्हणजे शास्त्राची सवलत आळसासाठी वापरणं. दोष फडक्यात नाही, तुंबलेला पाइप दिसत असून चालवून घेण्यात आहे.

कुणी म्हणेल, मग दयेपोटी बुरशी राहू द्यावी. त्याच खोलीत दमेकरी झोपत असेल, तर ही दया त्याच्या छातीवर बसते. कुणी म्हणेल, बुरशीसाठी एवढा काथ्याकूट कशाला? पण कल्पसूत्रात वर्षावासातल्या साधूंनी वारंवार न्याहाळायच्या आठ सूक्ष्म गोष्टींत बुरशी आहे, आणि ओलही आहे. ज्या वस्तूवर वाढते तिचाच रंग घेणारी बुरशी असते, इतकं बारकाईनं तिथं नोंदलं आहे. ही नजर मारण्यासाठी नाही, जीव निर्माण व्हायच्या आधी सावध होण्यासाठी आहे.

उरला तो भाडेकरूचा आक्षेप, आणि तो खरा अवघड आहे: यंत्र मालकाचं, भिंत मालकाची, प्रमाद माझा कसा? दुरुस्तीचा खर्च मालकानं करावा हे रास्तच. पण चातुर्मासात परक्याच्या छपराखाली राहणाऱ्या साधूच्या मालकीचं तिथं काहीच नसतं. तरी न्याहाळायचं काम त्याच्याकडेच दिलं आहे, कारण तिथं राहतो तो.