डाग दाखवणारा दगड

माणसाच्या नीतीची खरी परीक्षा रणांगणावर, न्यायालयात किंवा निवडणुकीत होते असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांनी स्वयंपाकघराचा ओटा स्वतः उभं राहून बांधून घेतला असेल असं मला वाटत नाही. घेतला असता तर नीतिशास्त्रावरच्या ग्रंथांत निदान एक प्रकरण दगड निवडण्यावर आलं असतं.

वास्तविक आमच्या कामरगावात दगड निवडायची गरजच काय? वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं हे गाव. इथे विहीर खणा, पाया खणा, काही नाही तर रागाच्या भरात नुसती कुदळ मारा. खाली काळा पाषाणच लागायचा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पोटातून लाव्हा उतू गेला, थरावर थर बसले, आणि आजही पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याच दगडाखाली, किंवा दगडावर, नांदतो आहे. दूध उतू गेलं तर घरात केवढा कालवा होतो. इथे अख्खा महाराष्ट्र उतू गेल्यावर तयार झाला, आणि कुणी ब्र काढला नाही. याच दगडात अजिंठा कोरलं, वेरूळचं कैलास कोरलं, आणि आमच्या आजीचा पाटाही याच दगडाचा. पाथरवट दारावर येऊन पाट्याला टाकी लावून जायचा, तेव्हा चटणीला दोन दिवस थोडी कचकच यायची. घरातल्या तीन पिढ्यांच्या पोटात थोडाथोडा सह्याद्रीचा भाऊबंद गेलेला आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तर लोणारला प्रत्यक्ष आकाशाने दगड पाठवला. पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद खड्डा पडला. रंग कोणता हवा, पॉलिश हवं का, असं त्याने कुणालाही विचारलं नाही. आमच्या भागात दगडाची निवड इतक्या झटपट पुन्हा कधी झाली नाही.

पण पुण्याहून भाचा आला आणि म्हणाला, "मामा, नुसता भिंतीला चिकटलेला ओटा कशाला? मधोमध आयलंड करा. चारी बाजूंनी फिरता येतं."

आयलंड म्हणजे बेट हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सयपाक कराचा का प्रदक्षिणा घालाची?"

शेवटी बेटाचं द्वीपकल्प झालं: एक बाजू भिंतीला, तीन बाजू मोकळ्या. भूगोल मिटला आणि नीतिशास्त्र सुरू झालं. वर दगड कोणता घालायचा?

दगडाच्या दुकानात गेलं की कळतं, जातिव्यवस्था फक्त माणसांतच नाही. आंध्रातून आलेला काळा कडाप्पा, कर्नाटकातली शहाबादी फरशी, राजस्थानचा हिरवट कोटा हे सगळे चुनखडीचे. अंगाने मऊ, दराने गरीब. मकराण्याचा संगमरवर त्यांचाच सख्खा नातलग, पण एकदा ताजमहालाला लागल्यामुळे ओळख दाखवत नाही. लिंबाला मात्र हा भेदभाव कळत नाही. एक थेंब पडून राहिला की कडाप्पा काय आणि मकराणा काय, आंबट पदार्थ चुन्याला खातो आणि तेवढी जागा निस्तेज होते. तो डाग नसतोच; दगडच तेवढा खाल्लेला असतो. म्हणून कितीही घासा, जात नाही. ग्रॅनाइट वेगळ्या घराण्याचं. गारगोटीसारखं कठीण, लिंबाला दाद न देणारं, सुरीलाच बोथट करणारं. कर्नाटकातली काही ग्रॅनाइटं अडीचशे कोटी वर्षांची आहेत. त्या मानाने आमचा काळा पाषाण म्हणजे कालचं पोर. आणि ज्याच्यात सोनेरी ठिपके चमकतात तो चिमकुर्तीचा 'ब्लॅक गॅलक्सी' तर भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइटच नव्हे. पण बाजारात जे कठीण आणि चकचकीत, त्याला ग्रॅनाइट म्हणतात. माणसांच्या बाबतीतही आपण याहून फार खोलात जात नाही.

इथवर प्रश्न शास्त्राचा होता. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी तो धर्माचा केला. ते म्हणाले, "पांढराच दगड घ्या. डाग पडला की लगेच दिसतो. ठिपक्यांच्या दगडावर मुंग्या फिरल्या तरी कळत नाही. जो दोष लपवतो तो दगड घरात नको. ढोंगी माणूस आणि ठिपक्यांचा ग्रॅनाइट, दोन्ही वाईट."

विचार मोठा होता. आमच्या धंद्यातही खाडाखोड करायची तर ती झाकायची नसते. आकड्यावर एकच रेघ मारून शेजारी सही करायची असते, म्हणजे खालची चूक जन्मभर वाचता येते. संगमरवर हा तसा हिशेबी दगड. हळद सांडली की नोंद झाली. मी मान डोलावली. गुरुजींनी मान डोलावली. मिस्त्रीने चहा मिळणार म्हणून मान डोलावली.

तेवढ्यात आतून आवाज आला, "डाग तुमाले दिसन, अन् पुसा लागन मले."

हे एक वाक्य मला अजून सोडत नाही. डाग दाखवणारा दगड सत्यवादी खरा, पण त्याच्या सत्याचा खर्च कोणाच्या खात्यावर? तत्त्व गुरुजींचं, दगडाचे पैसे माझे, आणि फडकं हिच्या हातात. जगातल्या पुष्कळ उच्च तत्त्वांची विभागणी अशीच झालेली दिसते. पांढरंशुभ्र धोतर नेसणाऱ्यांनी साधेपणावर बोलावं आणि ते धुणाऱ्यांनी नदीवर जावं. आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना शिकवतात की प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतं. ते कुणाच्या नावे पडतं हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत.

शिवाय सत्यवादी दगड म्हणून खरोखर कोणी असतो का? मिस्त्रीने नमुन्याचे तुकडे आणून अंगणात मांडले आणि हिने त्यांच्यावर चक्क स्वयंपाक सांडला. पांढऱ्यावर हळद बोंबलली, पण कणीक आणि मीठ गुपचूप बसून राहिलं. कोऱ्या काळ्यावर तेलाचा काळपट ओघळ दिसेना, पण कणकेचं एक बोट उठलं तर पंचनामा करावा असं स्पष्ट. पाण्याचा थेंब वाळला तरी पांढरी कडा राहिली. ठिपक्यांच्या तपकिरीने मात्र सगळ्यांनाच पोटात घेतलं. म्हणजे प्रत्येक दगड काही दाखवतो, काही झाकतो. पांढऱ्यालाही स्वतःच्या रंगाचा दोष दिसत नाही. गुरुजी यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग ठिपक्यांचा दगड आला. हिने निवडला. माझ्या मते ते योग्यच होतं, कारण ज्याच्या हातात फडकं त्यालाच मत, एवढं साधं कलम कोणत्याही घराच्या घटनेत असायला हवं. राहिला गुरुजींचा मुद्दा: घाण दिसलीच नाही तर ती राहणार नाही का?

त्याचं उत्तर आईकडे निघालं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला पांढरा, काळा, ठिपक्यांचा, सगळे दगड सारखेच. पण रात्री झाकपाक झाली की ती काठी टेकत येते आणि ओट्यावरून तळहात फिरवते. साखरेचा कण, पिठाची पापडी, वाळलेल्या वरणाचा थेंब, हाताला सगळं लागतं. जिथे लागतं तिथे दोन बोटांनी खरवडते. अंधार असला तरी दिवा लावत नाही.

पाहुणे येतील म्हणून पांढरा दगड पुसणं ही लोकलज्जा. कुणालाच दिसणार नाही अशा ठिपक्यांवरून हात फिरवणं याला काय म्हणायचं ते गुरुजींनी ठरवावं. सदसद्विवेकबुद्धी हा शब्द त्यांनीच आम्हाला शाळेत शिकवला होता, आणि फळ्यावर लिहिताना तो नेहमी दोन ओळींत मोडायचा.

या प्रकारात एकच अडचण आहे. रात्री ओट्याच्या कडेला ठेवलेला माझा लाडूही त्या हाताला सापडतो.