हात जोडायला शिकवताना

दापोडीतल्या बौद्ध घरात लेकरू पावलं टाकायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, "जयभीम कर बघू!" इवलेसे हात जुळतात, घरभर कौतुक होतं. पण ही श्रद्धा कुणाची? मुलाची, की आईबापांची?

प्रश्न इथे जास्त टोचतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर लाखो माणसांनी धम्म स्वीकारला तो जाणतेपणी. आणि कालामसुत्तात बुद्ध सांगतात, केवळ परंपरा आहे म्हणून काही मानू नका.

बुद्धांचा मुलगा राहुल याची गोष्ट इथे मोलाची आहे. विनयपिटक सांगतं, लहानग्या नातवाला प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा, दिल्यावर बुद्धांचा पिता शुद्धोदन कळवळला; त्याच्या विनंतीवरून, आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. पुढे बुद्धांनी भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून राहुलला खोटं बोलण्यातला पोकळपणा समजावला. प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासायला सांगितलं. बापानं शिकवलंच, पण तपासायला शिकवलं.

पावलं टाकू लागलेल्या लेकराची मात्र नक्कल हीच बुद्धी. तिला ढोंग म्हणणं अन्याय आहे. हात जोडायला जरूर शिकवावं.

खरी कसोटी तिसऱ्या वर्षाच्या आसपास, "का?" सुरू झाल्यावर. एसटीच्या वर्कशॉपमधून थकून आलेल्या बापानं तेव्हा "असंच असतं" म्हणून विषय संपवू नये. राहुलची गोष्ट सांगायला तांब्याभर पाणी पुरतं, आणि ते सांडायला मूल आनंदानं मदत करतं.