राजीनाम्याचा सवाल

नोकरी सोडून पूर्णवेळ चळवळीत यावं काय? शिकलेल्या पोरांमधी हा सवाल आज फार चालतो. कोणी डिप्लोमावाला, कोणी इंजिनिअर, कोणी दवाखान्याच्या लॅबमधला. आपल्या सिंदीतला एक पोरगा बुटीबोरीला एका कारखान्यात विजेचं काम करतो. तो म्हणतो, "दादा, बारा घंटे मालकाची मशीन चालवतो. वस्तीतल्या पोराची अ‍ॅट्रॉसिटीची केस उभी राहिली तं तारखेले जायले मले सुट्टी नाही. हे शिक्षण कोनाच्या कामाचं? सोडून देतो." त्याची माय म्हणते, "बाबू, आपल्या घरात पयल्यांदा महिन्याचा पगार आला. तो सोडून कोनाची सेवा करशीन?"

दोघंही खरं बोलतात. म्हणून सवाल अवघड आहे.

मी गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. धागा तुटला की जोडायचा, हे माझं काम. तत्त्वज्ञान मी कॉलेजात शिकलो नाही, रात्रपाळीनंतर वाचलं. तरी एक गोष्ट मला दिसते. या सवालाच्या मुळाशी 'त्याग' नावाचा शब्द बसला आहे, आणि तो शब्द आपण तपासल्याशिवाय उचलला आहे.

सिंदीहून वर्ध्याच्या गाडीत बसलं की सेलू रोडच्या पुढं सेवाग्राम येतं. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले. ते बॅरिस्टर, दिवाणाचे पुत्र. त्यांनी कोट टाकला, पंचा नेसला; जगानं हात जोडले. दुसरा बॅरिस्टर सुभेदाराचा पुत्र. त्यानं कोट घातला आणि शेवटपर्यंत ताठ घातला. आमच्या लोकांनी त्या कोटात स्वतःला पाहिलं. कारण पंचा तर आमच्या आज्याच्या कमरेला होताच, तोही फाटका. त्याला कोणी महात्मा म्हटलं नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, २००२ ला बंद पडली. किती कामगारांची भाकर गेली! त्यांना कोणी त्यागी म्हटलं काय? ज्याच्यापाशी होतं त्यानं सोडलं तर त्याग. ज्याचं हिसकावलं त्याचं नशीब. हा कोणता न्याय?

बाबासाहेबांनी वकिली फेकून दिली नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी हातात घेतलं, आणि त्या तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाली निघेपर्यंत लढला. तळ्यापर्यंत जायला पाय लागले, हक्क टिकवायला कायद्याचं ज्ञान लागलं. हुन्नर हातात ठेवूनच हुन्नराचा मालक बदलता येतो.

मग कोणी नोकरी सोडूच नये काय? तसं नाही. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत होते. बी.एस्सी. झालेला माणूस, पक्की सरकारी नोकरी. १९६० नंतरच्या त्या वर्षांत तिथं आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. विरोधात पहिला उभा राहिला तो दीनाभाना, चतुर्थ श्रेणी कर्मचारी. त्याला निलंबित केलं. साहेब कांशीराम, आणि हुकूम न मानणारा दीनाभाना! कांशीराम त्याच्या बाजूनं उतरले, लढाई जिंकली, सुट्ट्या परत आल्या. पुढं त्यांनी नोकरी सोडली, घरी लांब पत्र लिहून कळवलं: लग्न करणार नाही, मालमत्ता करणार नाही, घरी परतणार नाही.

आता नीट पाहा. राजीनामा देणाऱ्या याच माणसानं ६ डिसेंबर १९७८ ला साथींसोबत बामसेफ उभी केली, ती नोकरीत राहणाऱ्यांची! सरकारी नोकराला राजकारण, आंदोलन करता येत नाही, म्हणून ती संघटना अ-राजकीय, अ-आंदोलनात्मक ठेवली. तुम्ही नोकरी करा, पण तुमचा पैसा, बुद्धी, वेळ समाजाला परत द्या. एकानं सोडलं, हजारोंनी राहून दिलं. दीनाभानानं तर नोकरीत राहूनच ठिणगी टाकली.

तेव्हा दोस्तांनो, राजीनामा हे पुण्य नाही, ते एक अवजार आहे. नोकरी तुमचं तोंड बांधत असेल, समोरचं काम पुरा दिवस मागत असेल, आणि तुमच्या मायच्या चुलीची सोय झाली असेल, तर सोडा. नुसतं मन भरून आलं म्हणून सोडू नका. मन दोन महिन्यांत ओसरतं, उधारी ओसरत नाही.

आणि तिसरी अट एकट्यानं पुरी होत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. वीस हजारांत हजार रुपये. वीस पगारदारांनी तो दिला तर एका कार्यकर्त्याचा पूर्ण पगार निघतो. आपण मात्र कार्यकर्त्याला हार घालतो, त्याची भूक विचारत नाही. मग तो थकतो, कोणा पुढाऱ्याच्या गाडीत बसतो, आणि आपण त्याला गद्दार म्हणतो.

म्हणून "मी नोकरी सोडू काय?" हा सवाल एकट्या पोराला विचारू देऊ नका. वस्तीतल्या पगारदारांनी विहारात बसावं आणि आधी स्वतःला विचारावं: त्यानं सोडली तर त्याच्या घरचं पीठ कोण भरणार? ज्या दिवशी वीस नावं वहीत लिहिली जातील, त्या दिवशी त्याला बोलवा. तोवर त्याला कामावर जाऊ द्या, आणि तारखेला त्याच्या वाटणीचे तुम्ही जा.

जयभीम.